दोघांची गिटार

ऋषिराजनं आज खोलीचं दार उघडंच ठेवलं आणि गिटार मांडीवर घेतली. इतकी वर्षं तो दार लावून वाजवायचा. आज आईला सगळं दाखवायचं आणि बारामतीहून पुण्याची एसटी धरायची, असं त्यानं ठरवलं होतं. ठरवायला काय जातं! तारा तीनदा जुळवून झाल्या, तरी सुरुवात होईना.

गिटार एक आणि भाऊ दोघं, तिथूनच ही भानगड. त्यांच्या काटेवाडीतली पोरं ट्रॅक्टर मिरवायची, हे दोघं गिटार. थोरला जोतीराम अंगठ्यानं जाड तारांवर ठेका धरायचा. ऋषिराज त्याला खेटून बसून बारीक तारांवर चाल वाजवायचा. मेंढरं विकून ऊस लावलेले त्यांचे आबा म्हणायचे, "मेंढरं निदान लोकर तरी द्यायची."

मग विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून जोतीराम गेला. ऋषिराज बंद दाराआड दोघांचं एकट्यानं वाजवायला शिकला. ठेका अंगठ्यावर, चाल बोटांवर. बाहेरच्याला वाटावं, आत दोघं बसलेत. पहिल्याच दिवशी त्याची आई, द्वारकाबाई, दाराबाहेरून म्हणाली, "जोतीराम, दमानं रं."

ऋषिराजच्या अंगावर काटा आला. आत आपण एकटेच आहोत, हे सांगायला त्याची जीभ रेटेना. पुढं ती रोजच हाक मारू लागली. जोतीरामला जेवायला बोलवायची, त्याच्यावर रागवायचीसुद्धा. हळूहळू ऋषिराजलाही वाजवताना डाव्या खांद्याला ऊब लागायची. तो मान वळवून बघायचा नाही.

त्या खोलीत त्यानं स्वतःची गाणी रचली. टेप करून पाठवलेली ती गाणी ऐकून पुण्याच्या एका कॅसेटवाल्यानं त्याला दोनदा बोलावलं. तो गेला नाही. गिटार घेऊन गेलो तर आईचा थोरला पोरगा पुन्हा मरेल, या धास्तीनं त्याची झोप उडाली होती. आता तिसरा निरोप आला होता, आणि तो शेवटचा होता.

त्यानं वाजवायला सुरुवात केली. द्वारकाबाई ज्वारी पाखडत होती. सूप तसंच टाकून ती दारात आली. त्याच्या अंगठ्याकडे बघत उभी राहिली.

"आये, बघ," तो म्हणाला. "हितं मी एकटाच हाय. ठेकाबी माझाच. दादा न्हाय. मी फसवलं तुला."

ती रडली नाही. येऊन त्याच्या डाव्या बाजूला बसली.

"पहिल्या दिशी मला खरंच वाटलं, त्योच हाय," ती म्हणाली. "दुसऱ्या दिशी कळलं. जोतीराम दर गाण्यात ठेक्याला चुकायचा. ह्यो एकदाबी चुकला न्हाय."

गेलेल्या भावाच्या चुका ऋषिराज साफ विसरून गेला होता. त्याला हुंदका फुटला.

"मग हाका कशाला मारायचीस?"

"तुझ्यासाठी रं. दार लावून एकटाच बसायचास. म्हटलं, पोराला भ्या वाटत आसंल, कुणीतरी संगं आसू दे."