पाठ

दुष्काळात म्हशी विकाव्या लागल्या, सहकारी डेअरीला दूध घालणं थांबलं आणि गोठा सुना झाला. मग सत्यभामाबाईंनी बीडला जाऊन प्राण्यांच्या निवाऱ्यातलं एक मोठं कुत्रं घरी आणलं. पण ते कोपऱ्यात बसून राही, भाकरीला तोंड लावत नसे.

“पिल्लू सोडून हे काहून आणलंस?” अर्जुनराव नवऱ्याच्या हक्कानं कुरकुरले. “मोठ्या कुत्र्याला लळा लागत न्हाई.”

सत्यभामाबाईंनी भाकरी कुस्करून त्याच्यापुढे ठेवली आणि त्या पाठ फिरवून बसल्या.

“मी बी या घरात मोठी होऊनच आलते. कुणी बघत असलं की घास उतरत नव्हता. तुमच्या आई ताट वाढून अशाच पाठ फिरवून बसायच्या.”

हळूच अर्जुनरावही पाठ फिरवून बसले.

थोड्या वेळानं मागून खाण्याचा आवाज आला. दोघंही हसली, वळून मात्र कुणीच पाहिलं नाही.