विकायच्या गाडीचा पट्टा

"पुन्हा उघडलंत?" कुमुदताई जिन्यावरूनच ओरडल्या. त्यांचे यजमान दामूअण्णा सकाळपासून बॉनेटमध्ये डोकं खुपसून बसले होते. जुनी गाडी विकायची ठरली होती, संध्याकाळी गिऱ्हाईक येणार होतं आणि ह्यांनी नेमका आजच इंजिनाचा टायमिंग बेल्ट बदलायला काढला होता.

"नवा पट्टा एका दाताने सरकून बसलाय, खूण जुळत नाही," अण्णा शांतपणे म्हणाले.

"अहो, गाडी चालली दुसऱ्याच्या घरी! तिला नव्या पट्ट्याचे चोचले कशाला? तुमचे स्वतःचे दात हलतायत, ते दाखवायला सवड नाही!"

"जुना पट्टा तुटायला आला होता गं," एवढंच बोलून त्यांनी पुन्हा पाना उचलला.

गिऱ्हाईक वेळेआधीच आलं. तरुण जोडपं होतं, बायकोच्या कडेवर तान्हं मूल. उघडं इंजिन आणि फरशीवर पसरलेले नटबोल्ट पाहून तरुणाचा चेहरा पडला.

"बिघडलेलीच दिसतेय. आम्ही दुसरी बघतो," म्हणत तो वळला.

झालं, सौदा मोडला! नवऱ्याचा उद्धार करायला कुमुदताईंनी तोंड उघडलं; पण नजर बाळावर गेली आणि भलतंच बाहेर पडलं.

"बिघडलेली नाही हो. जुना पट्टा भर घाटात तुटला असता म्हणजे? ह्या लेकराला घेऊन कुठं बसला असतात? तुमच्यासाठीच राबतायत ते."

तरुण थबकला. मग बाह्या सरसावून अण्णांजवळ गेला. "टॉर्च धरू का, काका?"

कुमुदताई चहा टाकायला वळल्या. जाता जाता नवऱ्याला बजावलंच, "आटपा आता! नाहीतर गाडीबरोबर तुम्हालाही देऊन टाकीन!"