छपराखालची सुरमई

माशांचं मूळ सांगणारं यंत्र मालवणच्या बाजारात यावं म्हणून सगळ्यात जास्त आरडाओरडा शेवंती तांडेलनेच केला होता. नियम असा ठरला: ज्या माशाचं मूळ आपल्या दर्यात, त्याची टोपली छपराखाली, बाहेरच्याची उन्हात. शेजारी गोदू रंगीत पोपटमासे घेऊन बसायला लागल्यापासून शेवंतीची गिऱ्हाइकं तिकडे वळत होती ना!

यंत्र घेऊन आलेल्या साहेबाने पोपटमाशाला सुई टोचली आणि आकडे वाचले. "पूर्वेची प्रवाळबेटं. इथे येऊन बारा वर्षं."

गोदूने टोपली उचलून उन्हात मांडली.

"आता माझी सुरमई बघा," शेवंती ऐटीत म्हणाली. "सासूच्या सासूपासून विकतोय आम्ही."

यंत्राने जरा वेळच घेतला. मग साहेबाने वाचलं, "पूर्वेची प्रवाळबेटं. इथे येऊन वीस लाख वर्षं."

"मग झाली की इथली!"

"नियमात वर्षं धरत नाहीत, काकी."

बांगडा, पापलेट, सगळ्यांचं तेच निघालं. दुपारपर्यंत छपराखाली एकटा साहेब उरला, आणि त्याला सुई टोचायची कुणाची हिंमत नव्हती.

शेवंती टोपली घेऊन उन्हात आली. "सरक गो जरा," ती गोदूला म्हणाली, "माझी सुरमई तुझ्या माशांच्या गावची निघाली."

गोदू सरकली, आणि तिने आपली छत्रीही शेवंतीकडे सरकवली.