मुख्य माणसाची नोंद

“सर, खोली कितवी लिहिलीय हो?”

सिस्टरनं कागद नाकाला टेकेल इतका जवळ धरला होता. समोरच्या दारावर तोच आकडा वीतभर उंचीचा होता. डॉक्टरांनी तो वाचून दाखवला आणि तिच्याकडे न बघता बाकावर बसले.

चव्वेचाळीस वर्षांची बाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तोही भिंगाच्या मागच्या बाजूला. वयामुळे बहुधा तिथे येत नाही, किरणांमुळे येऊ शकतो, असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते. गेल्या वर्षी भर ऑपरेशनात चिमटा मागितला तर तिनं कात्री दिली. पुन्हा मागितला, पुन्हा कात्री. महिन्याभरात काम गेलं.

“तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब? तिकडे हाडं खोळंबली असतील.”

“साक्ष आहे माझी.”

“माझ्या बाजूनं ना?”

ती हसत होती. डॉक्टर घड्याळ बघू लागले.

चालू एक्स-रेखाली, मोठी चीर न घेता हाड जुळवायचं, ही त्यांची पद्धत. चारशे ऑपरेशनांचा अभ्यास त्यांनी हाती घेतला होता. एक्स-रेच्या पेडलवर पाय ठेवला की काढायचं नाव नाही. त्याच सुमारास भौतिकशास्त्राची एक संशोधिका थिएटरांत किती किरणं सांडतात ते मोजायला आली. पाठीमागे सगळे तिला मोजपट्टी म्हणत. पेडल दाबणाऱ्या प्रत्येकाला तिनं गळ्याशी लावायचा, किरणं मोजणारा बॅज दिला. हत्यारं हातात देणाऱ्यांना दिला नाही. तेवढे बॅजच नव्हते.

वर्षाची मर्यादा ओलांडली की पत्र येणार आणि तीन महिने ऑपरेशन बंद. तीन महिने बंद म्हणजे चारशे काही पुरी होत नाहीत. डॉक्टरांनी बॅज बेसिनखालच्या ड्रॉवरमध्ये टाकला. महिना संपला की सिस्टर तो मोजायला पाठवायची, नवा आणून त्यांच्या हातात द्यायची. तोही ड्रॉवरमध्ये. सहा वर्षं. पत्र एकदाही आलं नाही.

येणार कुठून?

चारशे झाली. शोधनिबंध छापून आला. शेवटी आभार होते, एक्स-रे मशीन बनवणाऱ्या कंपनीचे. सिस्टरचे नव्हते.

आणि आता सिस्टरनं भरपाईचा दावा लावला, तर कामाच्या जागी झालेल्या आजारांचा कायदा म्हणत होता: ज्याची स्वतःची नोंद नाही, त्याच्यासाठी त्याच खोलीतल्या मुख्य माणसाची नोंद धरावी. म्हणजे डॉक्टरांची. म्हणजे शून्य. म्हणजे त्या खोलीत किरणं नव्हतीच आणि बाई थापा मारतेय.

झोप उडाली म्हणून ते मानसोपचारतज्ज्ञाकडे जात होते. चौथ्या भेटीत ड्रॉवरचं बोलून गेले.

“हे अजून कुणाला सांगितलंत?”

“फक्त तुम्हाला.”

“मला सांगून काय उपयोग? मला मोतीबिंदू नाही.”

हॉस्पिटलच्या वकिलानं सकाळीच फोन केला होता. बॅजचे आकडे बंद लिफाफ्यातून थेट दावा ऐकणाऱ्या समितीकडे गेले होते.

“काय असेल हो लिफाफ्यात?”

“शून्य.”

“मग काय, झालंच! बॅज लावत होतात का, एवढंच विचारतील. हो म्हणा. एक अक्षर पुरे.”

शून्य कसं, हे वकिलानं विचारलं नाही. आणि खरं सांगितलं तर परवाना जाईल, निबंध मागे घ्यावा लागेल, हे डॉक्टरांना कुणी सांगायला नको होतं.

आतली नोंद अशी:

*अध्यक्ष:* बॅज आपण लावत होतात?

*डॉक्टर:* हो.

*अध्यक्ष:* प्रत्येक ऑपरेशनला?

*डॉक्टर:* हो.

(नोंदीत नाही: सिस्टर मान डोलावत होती. घरातलं पोर तोंडी परीक्षेत बरोबर उत्तरं देतंय, अशी.)

*अध्यक्ष:* ठीक. लिफाफा उघडू या.

*डॉक्टर:* थांबा.

(नोंदीत नाही: पाण्याचा पेला. कानांच्या पाळ्यांपर्यंत चढलेली लाली. पेला तसाच खाली.)

*डॉक्टर:* खोटं बोललो मी. सहा वर्षांत एकदाही बॅज लावला नाही. ड्रॉवरमध्ये टाकत होतो. मुद्दाम. ऑपरेशनं बंद पडू नयेत म्हणून. बॅज कोरा आहे, खोली कोरी नव्हती. या बाईंना माझ्या शून्यानं मोजू नका.

वकिलानं फाईल मिटली. डॉक्टरांना सहा वर्षांत पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

“कसलं शून्य?” समितीशेजारी बसलेली मोजपट्टी म्हणाली.

तिनं लिफाफा फोडून कागद टेबलावर पसरले. “दर वर्षी मर्यादेच्या जेमतेम खाली. सहा वर्षांची बेरीज सगळ्या थिएटरांत सगळ्यात जास्त. या नोंदीवर बाईंचा दावा आज सरळ मंजूर झाला असता.”

“असता,” अध्यक्ष म्हणाले. “मुख्य माणसानं शपथेवर सांगितलंय, बॅज मी लावलाच नाही. आता ही नोंद त्यांची कशी धरायची? ती बाद करावी लागेल.”

डॉक्टर टेबलावरचे कागद स्वतःकडे ओढू लागले. शिपायानं दंड धरला.

“बाद कशी?” मोजपट्टी कागदावर बोट आपटत म्हणाली. “बंद ड्रॉवरमध्ये आकडा इतका चढत नाही. हा बॅज रोज मशीनजवळ होता. कुणाच्या तरी गळ्याशी होता.”

“कुणाच्या?”

सिस्टर टेबलाची कड चाचपत उठली.

“सर विसरायचे हो, साहेब,” ती म्हणाली. “मग माझ्या गाऊनच्या आत मीच लावायचे.”