उचाजोकाला मारलेली हाक

मुलगा जोहान्सबर्गच्या खाणीत निघाला तेव्हा चिहेरा म्हातारी त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. तिच्या गावात घरातला राग कुत्र्याच्या नावात घालतात. तिनं मुलाच्या पिल्लाचं नाव ठेवलं उचाजोका, म्हणजे 'येशील परत'. मुलगा परत आला तो शवपेटीतून.

आता सुनेच्या बैलगाडीखाली उचाजोकाचा मागचा पाय मोडला होता. म्हातारीनं पायाला कामट्या बांधल्या, पण तो अन्नाला तोंड लावीना. मुलाचं म्हणून एवढंच उरलं होतं.

"खा रे, उचाजोका!"

"आई, त्याला आता त्या नावानं हाक मारू नका," सून शुवाई म्हणाली.

"धड गाडी हाकता येत नाही, आणि मला शिकवतेस? उचाजोका!"

कुत्रा उठला. मोडका पाय फरफटत तो मुलाच्या बसायच्या ओट्याशी गेला. मुलाच्या बुटावर हनुवटी टेकून पडायची त्याची जुनी सवय.

ओटा रिकामा होता. कुत्र्याची हनुवटी मात्र जमिनीपासून वीतभर वर निवांत टेकली होती. मग त्याचा कान हळूच दुमडला आणि सुटला.

"आई..."

"गप्प बस," म्हातारी रडत कुजबुजली. "हात काढून घेईल तो."