दादाचा जबाब

परक्या देशाच्या वाळवंटात आकाशातून पडलेले दगड परवानगीशिवाय गोळा केले, म्हणून पोलिसांनी दोघा भावांना पकडलं. पाचव्या दिवशी अधिकाऱ्यानं धाकट्याला बोलावलं आणि थोरल्याचा जबाब दुभाष्याकडून वाचून दाखवला. ‘सगळे दगड मीच शोधले. भाऊ नुसता ड्रायव्हर आहे. त्याला दगडांतलं काही कळत नाही.’

“खाली सही करा आणि घरी जा,” अधिकारी म्हणाला.

धाकट्याच्या अंगाचा तिळपापड झाला. अकरा वर्षं जीप त्यानं हाकली आणि फोटो, सत्कार, व्याख्यानं सगळं दादाचं. टेबलावर पुरावा म्हणून ठेवलेला मुठीएवढा काळा दगडही त्यानंच चालत्या जीपमधून हेरला होता. दादानं फक्त पळत जाऊन उचलला होता.

“हा मला सापडलाय. तसं लिहा.”

“मग तुम्हालाही दोन वर्षं आत बसावं लागेल.”

“लिहा.”

कोठडीत परतल्यावर त्यानं हे सांगितलं, तेव्हा थोरल्यानं कपाळाला हात लावला. “अरे, तू तरी सुटावास म्हणून लिहिलं होतं ते. घरी आई एकटी आहे.”

“त्यासाठी मला काही कळत नाही, असं लिहावं लागतं, दादा?”



“तुझी नजर माझ्यापेक्षा तेज आहे, हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं,” थोरला म्हणाला. “म्हणून तर तुला कधी जीपमधून खाली उतरू दिलं नाही.”