राजीखुशीनं दिलेलं घर

“पोरीला एक वीटसुद्धा मिळता कामा नये!” म्हाताऱ्यानं वकिलाच्या टेबलावर मूठ आपटली. “घर या बाईच्या नावावर करा. मी धडधाकट आहे तोवर.”

‘ही बाई’ मागे दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. चाळिशी उलटलेली, चपला झिजलेल्या, मांडीवर म्हाताऱ्याच्या औषधांची पिशवी. वकिलानं तिला एकदा न्याहाळलं आणि मनातल्या मनात नाक मुरडलं. असल्या बाया त्यानं पैशाला पासरी पाहिल्या होत्या. आधी गोळ्या द्यायच्या, मग पाय चेपायचे आणि शेवटी घर घशात घालायचं.

“मुलगी येत नाही का?” त्यानं विचारलं.

“परदेशात गेली ती गेलीच. आईला पोचवायला आली, तेव्हाच काय ते तोंड दाखवलं. म्हणे रक्ताची! ही परकी, पण माझं हगणंमुतणं काढते.”

“बाबा, मला नको घर,” बाई पुटपुटली.

वा! काय सोंग वठवलंय, वकील मनात म्हणाला.

“हे बक्षीसपत्र आहे, आजोबा, पोरखेळ नाही,” तो म्हणाला. “वस्तू तुमच्या मालकीची हवी, डोकं ठिकाणावर हवं, देणं राजीखुशीनं हवं. दोन साक्षीदार आणि नोंदणी. शिवाय तुमच्या हयातीतच हिनं ‘स्वीकारलं’ म्हणायला हवं. नाही म्हणाली तर कागदाची रद्दी.”

“नाही कशी म्हणेल? मी औषधं घ्यायचीच बंद करीन!”

मसुदा तयार झाला. घेणाऱ्याच्या नावाची जागा तेवढी कोरी राहिली. ओळखपत्र मागितलं की बाई “नोंदणीच्या वेळी आणते” म्हणायची. नक्कीच कुठेतरी हात मारून आलेली असणार, वकिलानं ताडलं. पण त्याला काय? घर म्हाताऱ्याचं, अक्कलही म्हाताऱ्याचीच.

नोंदणी कार्यालयात अधिकाऱ्यानं बाईला बाकावर थांबवलं आणि म्हाताऱ्याला पुढ्यात बसवलं. त्याचं वय बघून त्यानं प्रश्नांची फैर झाडली. म्हातारा एकदाही अडखळला नाही.

“घर कसं आहे?”

“कोपऱ्यावरचं. पूर्वेला शिंपी, मागे विहीर. मी गवंडी होतो, साहेब. पाया मी स्वतः भरलाय.”

“कोणी दबाव आणला?”

“माझ्यावर? माझ्या बायकोला जन्मभर जमलं नाही ते!”

दोन्ही साक्षीदार हसले. अधिकारीही हसला. डॉक्टरचा दाखला त्यानं उलटूनसुद्धा पाहिला नाही. “तुमच्या-आमच्यापेक्षा तल्लख आहेत,” तो म्हणाला. वकिलाला आपणच परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं. म्हाताऱ्यानं झोकात सही ठोकली.

“घेणाऱ्या कोण? या पुढे.”

बाई उठली, पण पाऊल उचलेना. तिचे डोळे भरून आले होते. वकिलाची तळपायाची आग मस्तकात गेली.

“एवढं सगळं जमवून आणलंत, बाई, आता लाजता कशाला?” तो दात-ओठ खात म्हणाला. “म्हणा स्वीकारलं आणि मोकळं करा आम्हाला.”

ती टेबलापाशी आली. पदरानं डोळे पुसले.

“देणाऱ्याशी नातं काय?” अधिकाऱ्यानं लिहिता लिहिता विचारलं.

“नातं कसलं साहेब, पगारी बाई आहे,” वकील म्हणाला.

“मी स्वीकारू शकत नाही, साहेब,” बाईनं ओळखपत्र पुढे सरकवलं. “यांचं डोकं ठिकाणावर नाही. मी यांची मुलगी आहे.”

अधिकाऱ्याचं पेन थांबलं. म्हाताऱ्यानं शेवटचे शब्द तेवढे ऐकले आणि तो ताडकन उठला.

“त्या नालायक पोरीचं नाव काढू नका इथे!” तो गरजला, आणि तिचा हात त्यानं घट्ट धरला. “चल बाई, तू घाबरू नकोस. मी आहे ना.”